काज: कामाचं, बटणाचं आणि काजारातलं

अंत्रुज
'कामकाज'मधलं काज, सदऱ्याचं काज आणि गोव्याच्या साष्टी-बारदेशातल्या ख्रिस्ती घरांतलं 'काजार' म्हणजे लग्न. या तिघांचं मूळ एकच का? लग्नाला आपण 'कार्य' म्हणतोच ("वैशाखात घरी कार्य आहे"). कार्याचं काज झालं आणि काजाचं काजार, असं फोंड्याकडे बरेचजण ठामपणे सांगतात. ऐकायला पटतं, पण शेवटचा 'र' कुठून आला ते कोणी सांगत नाही.

साष्टीकार
'र'वर बोट ठेवलंत ते बरोबर ठेवलंत. सगळा निकाल त्या 'र'वरच लागतो.

आधी कामाचं काज. संस्कृत कार्य, प्राकृतात कज्ज, मराठीत काज. जोडाक्षर सुटलं की मागचा स्वर लांबतो, हा मराठीचा नेहमीचा रस्ता आहे: अद्य-अज्ज-आज, कर्म-कम्म-काम, विद्युत्-विज्जु-वीज. इथे शंकेला जागा नाही.

काजार मात्र पोर्तुगीज 'कझार' या क्रियापदावरून आलं, अर्थ लग्न करणं. शेवटचा -आर ही पोर्तुगीज क्रियापदाच्या मूळ रूपाची खूण. कोंकणीने अशी क्रियापदं शेपटासकट उचलली आणि पुढे जावप (होणं) किंवा करप (करणं) जोडलं. पाद्रीपुढे पापं सांगणं म्हणजे पोर्तुगीजमध्ये 'कोंफेसार', कोंकणीत ते झालं 'कुमसार जावप'. तसंच 'काजार जावप'. संस्कृत कार्यातून आलेल्या शब्दाला हे शेपूट लागायचं काही कारणच नाही.

आणि हे 'कझार' निघालं 'काझा' म्हणजे घर या शब्दावरून. लग्न करायचं म्हणजे घर मांडायचं. पोर्तुगीज म्हण आहे, "कें काझा केर काझा": जो लग्न करतो त्याला घर हवं असतं. पहिलं काझा क्रियापद, दुसरं नाम, उच्चार मात्र एकच. आपल्याकडे 'घरोबा', 'घरकारीण' (बायको) या शब्दांत हाच विचार आहे. 1510 मध्ये आफोंसो द आल्बुकेर्कने गोवा घेतल्यावर आपल्या सैनिकांना इथल्या बायकांशी लग्नं लावून स्थायिक व्हायला उत्तेजन दिलं. त्या लग्न झालेल्या वसाहतकारांना कागदपत्रांत 'कझादो' म्हणतात. शब्द तोच, फक्त भूतकाळी विशेषण.

सुईदोरा
बटणाचं काजही त्याच घरातलं. पोर्तुगीजमध्ये बटणाच्या भोकाला 'काझा'च म्हणतात, म्हणजे बटणाचं घर. स्पॅनिशमध्ये 'ओहाल', ते डोळ्यावरून आलं. जर्मनमध्ये सरळ 'बटण-भोक'. घर म्हणायची पद्धत पोर्तुगीजांची, आणि ती शिंप्यांबरोबर किनाऱ्याकिनाऱ्याने पसरली: मराठी-हिंदी-कोंकणीत काज, गुजरातीत गाज, तेलुगू-तमिळमध्ये काजा. बंगालीत तर 'बोतामघर' आहे. बोताम हे पोर्तुगीज 'बोतांव' (कोंकणीत बुतांव), आणि घर म्हणजे आपलं घर. अर्धा शब्द उसना, अर्ध्याचं भाषांतर. मला या सगळ्यांत तोच शब्द सगळ्यांत देखणा वाटतो.

पेडणे_कुळागर
एक शंका. पोर्तुगीज लिहितात 'स' (कासा) आणि आपल्याकडे 'ज' कसा?

साष्टीकार
दोन स्वरांमधला एकटा स पोर्तुगीजमध्ये झ-सारखा, नुसता घर्षणाचा होतो. तो शुद्ध ध्वनी मराठीत नाही. जवळचा म्हणजे जाळं, जहाज यांतला दातांजवळचा ज. काजात तोच बसला. 'जग' म्हणजे दुनिया, त्यातला ज नव्हे. पुरावा रोजच्या कानावरचा आहे: जुन्या गोव्याची 'बों जेजू' ही इगर्ज, म्हणजे चर्च. मूळ नावात मधे स लिहितात, कोंकणीत जेजू झाला.

काजूतला ज मात्र वेगळ्या वाटेने आला. ब्राझीलच्या तुपी भाषेतला 'आकाजू', पोर्तुगीजमध्ये 'काजू', तिथे तो ज टाळूजवळचा आणि घर्षणाचा. हे झाड पोर्तुगीजांनी 16 व्या शतकात ब्राझीलहून इकडे आणलं. पोर्तुगीजमधले दोन वेगळे ध्वनी आपल्याकडे एकाच अक्षरात येऊन बसले, म्हणून काज आणि काजू सख्खे भाऊ वाटतात. नात्याने एकमेकांचे कोणी नाहीत.

अंत्रुज
मग काजार फक्त गोव्यात, की पोर्तुगीज गेले तिथे सगळीकडे?

साष्टीकार
श्रीलंकेत सिंहलीमध्ये लग्नाला 'कसाद' म्हणतात. तिथे 'कझादो' उचलला, आपण 'कझार'. फिलिपाइन्समध्ये स्पॅनिश राज्य होतं, तिथल्या तागालोगमध्ये लग्न म्हणजे 'कसाल', स्पॅनिश 'कसार'वरून, शेवटच्या र-चा ल झाला. तीन समुद्रकाठ, दोन राज्यकर्ते, आणि तिन्हीकडे लग्नाचा शब्द घरातून निघालेला.

मुळात लॅटिनमध्ये 'कासा' म्हणजे खोपटं, झोपडी. श्रीमंताच्या घराला 'दोमुस' म्हणत. पुढे इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रोमेनियन या भाषांत झोपडीचा शब्दच साध्या घराचा झाला. फ्रेंचमध्ये घराला दुसरा शब्द आला आणि कासा झिजून 'शे' उरलं, अर्थ "अमक्याकडे". पणजीला मांडवीत उभे असलेले कॅसिनो हेही याच घरचे: इटालियन कासा, त्याला लहानपणा दाखवणारा -इनो, म्हणजे घरकुल. मोरोक्कोतलं कासाब्लांका म्हणजे पांढरं घर. पोर्तुगीजांचं ते 'काझा ब्रांका' होतं, आणि अरबीत त्याला 'दार अल-बैदा' म्हणतात, अर्थ तोच.

पेडणे_कुळागर
हंगेरियन भाषेत घराला 'हाझ' म्हणतात. तोही काझाचाच भाऊ का?

साष्टीकार
नाही. हाझचं नातं फिन्निश 'कोता' (खोपटं) या शब्दाशी आहे, ते भाषाकुळच वेगळं. ध्वनी जवळ, अर्थ तोच, तरी नातं शून्य. म्हणून नुसत्या साम्यावर मूळ ठरवू नये. एका शब्दातला बदल त्याच भाषेच्या दुसऱ्या चार शब्दांत तसाच दिसला पाहिजे, वर जेजू आणि कुमसार त्यासाठीच दिले. फारसीत 'काज' म्हणजे पाइनचं झाड आणि आखूड स्वराचं 'कज' म्हणजे वाकडं. तुर्कीत 'काझ' म्हणजे हंस जातीचा पाळीव पक्षी. ब्रिटनीच्या ब्रेटन भाषेत 'काझ' म्हणजे मांजर. यांतल्या कुणाचाही आपल्या काजाशी संबंध नाही.

अंत्रुज
सुईदोरा बाय, 'बटणाचं घर' हे नुसतं नाव आहे, की काज करताना त्याचा अर्थ लागतो?

सुईदोरा
चांगलाच लागतो. काज हे भोक नाही, मापाचं घर आहे. माप असं: बटणाचा व्यास अधिक जाडी. शर्टाचं बटण बहुधा 18 लाइनचं असतं. 40 लाइन म्हणजे एक इंच, म्हणजे व्यास साधारण साडेअकरा मिलिमीटर. जाडी दोन-अडीच धरा, काज 14 मिलिमीटरच्या आसपास. बटण फुगीर असलं तर हा हिशोब चुकतो. तेव्हा कागदाची अरुंद पट्टी बटणाच्या सर्वांत रुंद भागाभोवती गुंडाळून टोकं जुळवायची आणि पट्टीची निम्मी लांबी घ्यायची.

हाताचं काज: खाली बक्रम, म्हणजे ताठपणासाठीचं कापड, लावलेलं हवं. रेघ आखून तिच्या भोवती दोन-अडीच मिलिमीटरवर धावदोरा घालायचा, मग मधून दोन्ही टोकांकडे चिरायचं. दोरा एकेरी, मेण लावलेला. काजटाक्याची गाठ चिरलेल्या कडेवर बसली पाहिजे, कापडाच्या पाठीवर नाही. घासण ती गाठच सोसते. टाका फार उथळ घेतला तर सैल विणीच्या कापडात तो कडेसकट सुटून येतो, आणि माणसं म्हणतात दोरा वाईट होता.

आडव्या काजात बटण मधे राहत नाही, कपड्याच्या कडेकडच्या टोकाला जाऊन टेकतं, कारण ताण तिकडे असतो. म्हणून त्या टोकाला टाके पंख्यासारखे गोल फिरवायचे आणि दुसऱ्या टोकाला दोऱ्याची आडवी पट्टी घालायची. शर्टाची काजपट्टी अरुंद, तिथे काजं उभी आणि दोन्ही टोकांना आडव्या पट्ट्या. कॉलरच्या पट्टीवरचं आणि मनगटाचं काज आडवं.

यंत्राचा क्रम उलटा: आधी शिवण, मग चीर. चिरताना आडव्या पट्टीच्या आत टाचणी टोचून ठेवा. उसवणी (टाके उसवायचं टोकदार हत्यार) तिथे अडते, नाहीतर एका झटक्यात पट्टी कापली जाते आणि ते काज दुरुस्त करूनही वाकडंच दिसतं.

आणखी एक वापर टिपून ठेवण्यासारखा. ब्लाउजला चिरलेलं भोक नसतं, हुक दोऱ्याच्या फासात अडकतो, तरी त्या बाजूला काजपट्टीच म्हणतात आणि फासांना काजं. म्हणजे मराठीत काज आता 'भोक' राहिलं नाही, 'अडकायची जागा' असा अर्थ झाला.

पेडणे_कुळागर
लिहिताना लिंग कुठलं?

सुईदोरा
नपुंसक. ते काज, ती काजं, काजात, काजाला. बटण लावतात, काज करतात. "काज लावलं" असं शिंपी म्हणत नाही.

अंत्रुज
आणि मराठी मजकुरात काजार आलं तर?

साष्टीकार
कोंकणीत काजार नपुंसकच: "काजार जालें". पण "तो काजार जालो" असंही म्हणतात, तिथे ते विशेषणासारखं वागतं, 'विवाहित झाला' असं. बातमीत किंवा भाषांतरात सरळ लग्न लिहावं. ख्रिस्ती पात्राच्या तोंडी संवाद असेल तर काजार तसंच ठेवावं, "फाल्यां काजार आसा" याला "उद्या कार्य आहे" केलं की ते घर इगर्जीसमोरून उठून देवळासमोर जातं. आणि कंसात 'कार्य' असा अर्थ देऊ नये, त्यातूनच खोटी व्युत्पत्ती पसरते.