गुरुवारी वृद्धाश्रमात पहिली मुलाखत आहे, अनुभव विचारला तर काय सांगू?

उचगावची सून

नमस्कार. वय 34, बारावी पास, थोरला आठवीत, धाकटी चौथीत. लग्नानंतर घराबाहेर नोकरी केलेली नाही. येत्या गुरुवारी सकाळी 11 वाजता कळंब्याकडच्या एका वृद्धाश्रमात केअरटेकरच्या जागेसाठी बोलावलंय.

माझ्या सासूबाई अर्धांगवायूनं साडेतीन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. उजवी बाजू पूर्ण गेलेली, बोलणंही तुटक. त्यांचं सगळं मीच केलं. गेल्या श्रावणात त्या गेल्या. पुढं महिन्याभरानं केअरटेकर पुरवणाऱ्या एका ब्युरोत फोन केला, तर तिथल्या बाई म्हणाल्या, "घरचं केलेलं अनुभवात धरत नाही," आणि फोन ठेवला. ते इतकं मनाला लागलं की आताच्या फॉर्मवर अनुभवाच्या रकान्यात मी 'नाही' लिहून आलेय.

मुलाखतीत काय विचारतात? पुरुष पेशंटचं करणार का म्हणाले तर? साडी नेसू की ड्रेस घालू? पगाराचं आपण काढायचं का? हे काम मला मनापासून करायचंय. अजून सकाळी सहाला हात आपोआप गरम पाण्याच्या पातेल्याकडं जातो.

राजारामपुरीच्या मावशी

पोरी, पहिल्यांदा ते 'नाही' खोडायचं. बसल्या बसल्या सांगायचं, "मॅडम, फॉर्मवर चुकून लिहिलंय, मला साडेतीन वर्षांचा अनुभव आहे." मी 12 वर्षं हे काम करते, 4 वर्षं आश्रमात आणि बाकी घरोघरी. साडेतीन वर्षं एकाच लकव्याच्या पेशंटचं केलेली बाई मिळत नाही सहजी.

पण "सगळं केलं" असं म्हणू नको. सगळ्याच जणी तसंच म्हणतात. दिवस सांग. सकाळी उठवल्यापासून रात्रीच्या शेवटच्या कुशीपर्यंत काय काय करायचीस ते. किती तासांनी कूस बदलायचीस? दोन तासांनी असेल तर तसं सांग. माकडहाड, खुबा, टाचा रोज बघायचीस का? दाबून लाली जात नसेल तर तिथनं बेडसोर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, सुरू होतो, आणि अशा जागेवर मालीश करायची नसते. साडेतीन वर्षांत एकदाही जखम झाली नसेल तर ती गोष्ट सगळ्यात आधी सांग.

मला मुलाखतीत मॅडमनी करूनच दाखवायला लावलं होतं. एक नर्स कॉटवर झोपली, म्हणाल्या हिचा उजवा हात लुळा आहे, गाऊन घाल. मी लुळ्या हातात आधी बाही चढवली, मग डोकं, मग चांगला हात. काढताना उलटं, चांगला हात आधी. मग व्हीलचेअरवर घ्यायला सांगितलं. खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला लावायची, दोन्ही ब्रेक लावायचे, पायठेवणी वर करायची, आणि बखोटीला धरून ओढायचं नाही. तू हे रोज केलंयस. नुसतं करता करता तोंडानं बोल, "आई, आता आपण उभं राहणार हं." त्या तेच बघत असतात.

पुरुष पेशंटला नाही म्हणू नको, जमणार असेल तरच मात्र. माझे पहिले आजोबा शिरोळकडचे. मी पाणी घेऊन गेल्यावर त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. डोळ्यांत पाणी होतं. मी पडदा ओढला, अंगावर चादर तशीच ठेवली, जेवढं पुसायचं तेवढंच उघडं केलं आणि यंदा उसाला काय दर मिळाला ते विचारलं. दर सांगता सांगता ते माझ्याकडं वळले. हेच सांग मुलाखतीत, तुझ्या शब्दांत.

ड्रेस घाल, केस बांधून, नखं कापून. बांगड्या-अंगठ्या नकोत, पेशंटची कातडी कागदासारखी असते, ओरखडा उठतो. आधारकार्ड आणि बारावीचं सर्टिफिकेट झेरॉक्ससकट ने. आणि सासूबाईंची काही वही ठेवली होतीस का?

नागाळा पार्क

ताई, मी नोकरी देणाऱ्या बाजूचा. वडील 81 वर्षांचे, पार्किन्सन्स आहे. त्यांच्यासाठी पाच जणींशी बोललो. चौघींनी सगळं मला विचारलं. पाचवी वडिलांसमोर स्टूल ओढून बसली आणि त्यांनाच म्हणाली, "काका, चहा कसा लागतो तुम्हाला?" वडिलांना उत्तर द्यायला वेळ लागतो. ती थांबली. मध्ये बोलली नाही. तिला आम्ही ठेवलं, तिसरं वर्ष चालू आहे. आश्रमात गेलात की तिथल्या आजी-आजोबांशी दोन शब्द बोला.

पगाराचं जरूर विचारा. ड्युटी 12 तासांची की 24, रात्रपाळी किती, आठवड्याची सुट्टी, जेवण. तुम्हाला उचगावला परतायचंय, तेव्हा ड्युटी किती वाजता सुटते हेही आधीच विचारा.

सिस्टर, सरकारी दवाखाना

मावशींचं बरोबर आहे. मी फक्त धोक्याचं सांगते, कारण हे प्रश्न हमखास येतात.

आजी पडल्या तर काय कराल? लगेच उचलायचं नाही. शुद्ध आहे का, कुठं दुखतंय, पाय वाकडा दिसतोय का ते बघायचं, हाक मारून मदत बोलवायची, गरज असेल तर 108. शुगरच्या पेशंटला घाम फुटून थरथर सुटली तर? शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. भरवताना पेशंट बसता हवा, नंतरही अर्धा तास आडवं करायचं नाही. लघवीची पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली. सीपीआर येतो का विचारलं तर आपल्या कोल्हापुरातला दसरा चौकाजवळचा सीपीआर नावाचा दवाखाना डोळ्यांसमोर आणू नका, ते हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याबद्दल विचारतात. शिकला नसाल तर "शिकले नाही, शिकवाल तर शिकेन" म्हणा.

तसंच इंजेक्शनचं. "देता येतं" असं चुकूनही म्हणू नका. डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय गोळीसुद्धा बदलणार नाही, हे स्वतःहून सांगा.

उचगावची सून

किती जीव लावून लिहिलंत सगळ्यांनी. मावशी, जखम एकदा झाली होती, पहिल्याच वर्षी, टाचेला. तेव्हा मला कूस बदलायचं माहीत नव्हतं. नंतर कधी झाली नाही. हे सांगू का?

वही नाही, पण कॅलेंडर आहेत. दुधाच्या हिशोबाशेजारी त्याच चौकोनात लिहायची, शुगर, बीपी, कधी ताप. चार वर्षांची कॅलेंडर माळ्यावर आहेत.

राजारामपुरीच्या मावशी

टाचेचं आधी सांग. आणि कॅलेंडर पिशवीत घालून ने.

उचगावची सून

गुरुवार, रात्र. आत्ता पोरं झोपली.

दोघी होत्या, मॅडम आणि एक सिस्टर. गाऊन घालायला लावलाच. टाचेचं सांगितल्यावर सिस्टरनी विचारलं, मग काय बदललं? मी म्हटलं, रात्रीचे गजर. 12, 2, 4. मग कॅलेंडर काढली. मॅडम मार्चच्या पानावर थांबल्या, दोन-तीन चौकोनांत लाल फुल्या होत्या. "हे काय? दूध आलं नाही?"

मी म्हटलं, "नाही मॅडम. त्या दिवशी त्यांचं पोट साफ झालं नव्हतं. तिसऱ्या फुलीला मी डॉक्टरांना फोन करायची."

त्यांनी फॉर्म माझ्याकडं सरकवला, पेन दिलं. रकान्यातलं मी माझ्या हातानं खोडलं. सोमवारपासून दिवसपाळी, पहिला महिना सिस्टरच्या हाताखाली.