मदत हवी आहे: नाटोत राहूनच अमेरिकेचा अध्यक्ष हात वर करू शकतो का?

अमेरिकेच्या 2024 च्या निवडणुकीत नाटोवरून जो वाद झाला त्यावर लिहितोय आणि एका जागी अडकलोय. नाटो या लष्करी युतीच्या कराराचं कलम 5 (एका सदस्य देशावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला) वाचलं, त्यात आवश्यक वाटेल ती कारवाई एवढंच आहे, सैन्य पाठवायलाच हवं असं कुठेच नाही (प्रचारात मात्र सगळे तसंच धरून चालतात). बाहेर पडायचं तर कलम 13 ची एक वर्षाची नोटीस, आणि डिसेंबर 2023 च्या कायद्यामुळे सिनेटची दोन तृतीयांश मतं किंवा काँग्रेसचा (म्हणजे अमेरिकी संसदेचा) कायदा लागतो, हेही बघून झालं. 2 टक्के संरक्षण खर्चाचा मुद्दा नकोय, यूट्यूबच्या लिंका पण नको प्लीज. बाहेर न पडताच अध्यक्ष हल्ल्यानंतर नुसता निषेध करून गप्प बसला, तर काँग्रेस त्याला कायद्याने भाग पाडू शकते का?