शब्दचर्चा: शुक्राणुनिर्मितीचं ‘नियमन’ की ‘नियंत्रण’?

पाचपाखाडी: संमतीपत्राचं मराठी करतेय आणि एका वाक्यावर अडलेय. मूल होत नसलेल्या पुरुषांची जनुकीय तपासणी आहे. वाय गुणसूत्रावरच्या ‘एझेडएफ’ भागातला तुकडा गळलेला असेल तर शुक्राणू फार कमी बनतात, कधी बनतच नाहीत. मी लिहिलं, ‘शुक्राणुनिर्मितीचं नियमन करणारी जनुकं’. डॉक्टरांनी ‘नियमन’ खोडून ‘नियंत्रण’ केलं. नियंत्रण म्हणजे आवर घालणं ना? मूळ पेशीपासून शुक्राणू व्हायला ७० दिवसांच्या आसपास लागतात. त्यात कुठल्या टप्प्याला काय सुरू व्हायचं, काय थांबायचं, हे जनुकं ठरवतात.

कोपरीकर: ताई, ‘नियमन’ही धोक्याचंच. र. धों. कर्व्यांनी १९२१मध्ये मुंबईत केंद्र काढलं, तेव्हापासून ‘संततिनियमन’ आपल्या कानांत बसलंय. तुमचं वाक्य वाचून माणूस विचारेल, ही नसबंदीची सही आहे का?

नेरुळ लॅब: आमच्या जुन्या छापील नमुन्यात ‘शुक्रजंतू आढळले नाहीत’ असं असायचं. एका गृहस्थांनी रिपोर्ट वाचून तिथूनच बायकोला फोन लावला, ‘जंतू नाहीत, सगळं स्वच्छ आहे!’ त्यांना खरं सांगणं फार जड गेलं. ‘शुक्रजंतू’ बादच करा.

कोपरीकर: असं कसं बाद? जंतू म्हणजे जन्मलेला जीव. ‘जीवजंतू’ म्हणतोच की आपण. लेवेनहूक या डच संशोधकाने १६७७मध्ये भिंगाखाली पाहिले तेही वळवळणारे जीवच. आणि अणू म्हटल्याने सुटका होते का? जिवाणू, विषाणूही अणूच!

नेरुळ लॅब: काका, व्युत्पत्ती बरोबर असेल. पण रिपोर्ट हातात घेणारा कोश उघडून बसत नाही.

पाचपाखाडी: मी ‘शुक्राणू’च लिहिलंय. प्रश्न नियमनाचा होता.

मुरबाडची लेक: त्याआधी वरचं शीर्षक काय दिलंय? ‘नपुंसकता’ नको हं.

पाचपाखाडी: एका तपासनिसाने तेच सुचवलं होतं. मी ‘पुरुष-वंध्यत्व’वर ठाम राहिले. शुक्राणू नसलेल्या कितीतरी पुरुषांचं शरीरसुख अगदी नेहमीसारखं असतं. काहींच्या वृषणात शुक्राणू नीट बनतात, पण जन्मतः शुक्रवाहिन्याच नसतात. त्यामागे बहुतेकदा सीएफटीआर जनुकातला बदल असतो. त्यांना नपुंसक म्हणणं चूक आहे आणि क्रूरही.

मुरबाडची लेक: पण ‘वंध्य पुरुष’ बोलतं कोण? वांझ बाईच. ‘वांझोटा राग’ चालतो, वांझोटा नवरा कुणी म्हणत नाही. आमच्याकडे गाय फळली नाही की ‘गाय उलटली’. खोट वळूत असली तरी उलटते गायच.

कोपरीकर: ‘उलटणे’ हा गाय पुन्हा माजावर येण्याचा शब्द आहे, त्यात दोष कुणाचा नाही.

मुरबाडची लेक: कोशात नसेल. गोठ्यात दोन-तीनदा उलटलेली गाय बाजार दाखवतात, वळू नाही.

नेरुळ लॅब: नियमनाऐवजी ‘शुक्राणू घडवणारी जनुकं’ लिहा की.

पाचपाखाडी: घडवणं आणि घडण्याची वेळ ठरवणं वेगळं. हीच दोन्ही कामं वेगळी सांगायची आहेत मला.

कोपरीकर: ताई, ‘गळलेला’ तुकडा म्हणू नका. गळतं ते आधी असतं. इथे बहुतेकांत जन्मापासूनच नाही. ‘लोप’ लिहा.

मुरबाडची लेक: लोप? ते व्याकरणात, काका.