शब्दचर्चा : ‘जस्ट ट्रान्झिशन’ला मराठीत काय म्हणायचं?

अनुवादिनी : कोळसा कामगारांच्या एका युनियनसाठी पत्रक मराठीत करतेय. त्यात ‘जस्ट ट्रान्झिशन’ आहे, म्हणजे कोळशासारखे उद्योग बंद होताना कामगारांना वाऱ्यावर न सोडता करायचा बदल. ‘न्याय्य संक्रमण’ लिहिलं, तर एक कार्यकर्ते म्हणाले, “ताई, साथ आली का कसली?” दुसरा शब्द सुचवा.

जुना मुद्रितशोधक : मराठीत रोगाचा तो संसर्ग. संक्रमण म्हणजे एकीकडून दुसरीकडे जाणं. मकरसंक्रमण म्हणतो ते. करोनाच्या वेळी हिंदी बातम्यांमागोमाग ‘संक्रमित रुग्ण’ आले आणि घोटाळा झाला. ‘न्याय्य’ मात्र बरोबर. ‘न्यायिक’ लिहू नका, ते कोर्टकचेरीचं.

वणीकर : साथीचं सोडा हो. संक्रमण आणि संक्रांत एकाच घरचे. ‘नोकऱ्यांवर संक्रांत’ हा मथळा आमच्याकडे सगळ्यांनी वाचलेला आहे. खाणीतला माणूस तोच अर्थ काढणार, आणि फारसा चुकणारही नाही!

पाहुणा : सरळ ‘पुनर्वसन’ म्हणा की. सगळ्यांना कळतं.

परळवासी : कळतं, म्हणूनच नको. पुनर्वसन उठवल्यानंतरचं असतं. युनियनची मागणी खाण बंद व्हायच्या आधी करार करा, अशी आहे. ही कल्पनाच मुळात कामगारांकडून आली. अमेरिकेत तेल, रसायन आणि अणुउद्योगातल्या कामगारांच्या युनियनचे टोनी माझोकी म्हणत होते की, विषारी कचऱ्याने खराब झालेल्या जमिनी साफ करायला सरकारी निधी आहे, तर असे उद्योग बंद झाल्यावर कामगारांना सावरायलाही हवा. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रास्ताविकात हे शब्द आले ते युनियनांनी लावून धरले म्हणून.

स्पेनमध्ये २०१८ साली बहुतेक कोळसा खाणी बंद करायच्या होत्या. सरकार आणि खाण युनियनांनी आधी करारावर सह्या केल्या : सुमारे २५ कोटी युरो, ४८ वर्षांवरच्यांना लवकर निवृत्ती, बाकीच्यांना नव्या कामाचं प्रशिक्षण, खाणींची जमीन सुधारायची कामं. आमच्या गिरणगावात उलटं झालं. १९८२ चा संप, मग एकेक गिरणी बंद, मग जमिनींवर टॉवर. घरांसाठीचे अर्ज घेऊन वारसदार अजून फिरतायत. त्याला कोणी संक्रमण म्हटलं नाही आणि पुनर्वसन तर अनेकांचं अजून व्हायचंय.

वणीकर : मान्य. पण ‘कामगार’ म्हणजे कोण, तेही लिहा. वेकोलिची, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीची, एक खाण बंद झाली तर कायम कामगाराची बदली दुसऱ्या खाणीत होते. ठेकेदारी कामगाराचा ठेका संपतो, बस्स. ट्रकवाला, टायरवाला, टपरीवाला तर हजेरीपटावरच नाही. आणि जमीन देऊन नोकरीला लागलेला प्रकल्पग्रस्त? त्याने शेत एकदाच दिलं, ते काही परत मिळत नाही. शब्द कोणताही घ्या, यातला कोण त्यात बसतो ते आधी सांगा.

पाहुणा : ‘जीवाश्म इंधन’पण बदला मग.

जुना मुद्रितशोधक : खाणीवरच्या पत्रकात ‘कोळसा’ लिहावं. जीवाश्म शाळेच्या पुस्तकात राहू द्या.

अनुवादिनी : ‘रास्त बदल’ कसं वाटतं? रास्त भाव दुकानामुळे ‘रास्त’ घरोघरी माहीत आहे.

परळवासी : ‘रास्त’ छानच. पण ‘रास्त बदल’ म्हटलं की बदलच रास्त आहे असं ऐकू येतं. रास्त आहे की नाही तेच तर वाटाघाटीत ठरायचंय. ‘बदलात रास्त वाटा’ करा.

वणीकर : वाटा म्हटलं की पहिला प्रश्न येईल, किती?

अनुवादिनी : येऊ दे, आकडा युनियन टाकेल. मथळा ‘कोळशानंतरच्या बदलात आमचा रास्त वाटा’. पहिल्याच वाक्यात कायम, ठेकेदारी, प्रकल्पग्रस्त आणि खाणीच्या आधाराने पोट भरणारे, अशी चौघांची नावं घालते. ‘न्याय्य संक्रमण’ खाली एकदा ठेवते, कारण सरकारी पत्राला उत्तर देताना तोच शब्द लागेल. ‘न्याय्य’च्या शेवटचे दोन ‘य’ लक्षात आहेत.