गरोदरपणातील तीव्र उलट्या आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी

प्रश्न: माझ्या वहिनींना दहावा आठवडा सुरू असून उलट्यांमुळे पाणीही पोटात टिकत नाही. जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे असे होते का?

प्रतिसाद १: संबंध आढळला आहे, पण कारण सिद्ध झालेले नाही. तीव्र उलट्या होणाऱ्या स्त्रियांमध्ये हा संसर्ग अधिक प्रमाणात दिसतो, असे अनेक पाहण्यांचे एकत्रित निष्कर्ष सांगतात. मात्र आपल्याकडे निरोगी माणसांतही तो इतका सर्रास असतो, की चाचणी होकारार्थी आली म्हणून दोषी सापडला असे मानता येत नाही. शिवाय रक्तातील प्रतिपिंडांवरून संसर्ग जुना की चालू हे कळत नाही. त्यासाठी शौचाची अँटिजेन चाचणी (शौचात जिवाणूचे अंश शोधणारी) अधिक उपयोगी ठरते.

प्रतिसाद २: या उलट्यांचे कारण म्हणून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने गर्भ व वारेतून येणाऱ्या जीडीएफ१५ या संप्रेरकाकडे, आणि त्याची आधीपासून सवय नसलेल्या आईच्या शरीराकडे, बोट दाखवले आहे. जिवाणूवरील प्रतिजैविके बहुधा बाळंतपणानंतरच देतात.

प्रतिसाद ३: चर्चा नंतर करू. लघवी कमी होत असेल किंवा वजन ५ टक्क्यांहून अधिक घटले असेल, तर आजच रुग्णालयात न्यावे. सलाईनमधून ग्लुकोज देण्यापूर्वी थायमिन (बी१ जीवनसत्त्व) द्यावे लागते, याची डॉक्टरांकडे अवश्य चौकशी करावी.

प्रश्नकर्ता: लघवी कालपासून कमीच आहे. निघतो आहोत.