रानबैल तुमच्या गव्हाणीला राहील का? (बायबलबद्दल प्रश्न)

शिराळ्याचा_गडी:
मंडळी, मी काय ख्रिश्चन नाही, पण मिरजेच्या दोस्ताकडं बायबल चाळत होतो, तर ईयोबाच्या (संकटात सापडून देवाला जाब विचारणारा माणूस) पुस्तकात ३९व्या अध्यायात देवच त्याला विचारतोय की रानबैल तुझी चाकरी करील का, तुझ्या गव्हाणीपाशी रात्र काढील का, दोरानं बांधून त्याला तासात चालवशील का. वाचून हसूच आलं, कारण मागल्या आठवड्यात चांदोलीकडनं गवा उतरला आणि आमचा शाळू तुडवून गेला, त्याला कोण बांधतंय! पण पहिल्याच पानावर उत्पत्तीत तर माणसाला सगळ्या प्राण्यांवर सत्ता दिलीय. मग खरं काय धरायचं?

मिरजकर:
दोन्ही. उत्पत्ती १:२८ ला सत्ता दिली पण लगेच खालच्या दोन ओळी वाचा, माणसाला बी आणि फळं, जनावरांना हिरवा पाला, मांस खायची परवानगी नोहाच्या काळातल्या जलप्रलयानंतर ९व्या अध्यायात येते. आणि ईयोबला देव जी जनावरं दाखवतो त्यात घोडा सोडला तर माणसाच्या कामाचं एक नाही. सिंह, कावळा, शहामृग, ससाणा. रानगाढव तर शहराच्या गलक्याला हसतं आणि हाकणाऱ्याची ओरड ऐकतच नाही (हे मला लय आवडतं). शेवटी लिव्याथान, म्हणजे पाण्यातला अजस्र प्राणी, त्याला पाखरासारखं बांधून पोरींना खेळायला देशील का म्हणतो. ईयोबानं मग माघारच घेतली.

जुना_मास्तर:
रानबैल म्हणजे आपला गवा नव्हे बरं का. हिब्रूत शब्द रेएम, बहुतेक अभ्यासक ऑरॉक्स धरतात, गाईबैलांचा रानटी पूर्वज, शेवटची गाय १६२७ ला पोलंडात मेली. १६११ च्या इंग्रजी बायबलात त्याचा चक्क युनिकॉर्न (एकशिंगी घोडा) केलाय 😄

पाटणकर:
आमच्याकडं वेगळीच ओळ लागू पडते, निर्गम २३:२९. देव इस्राएली लोकांना म्हणतो, कनान देशातल्या लोकांना तुमच्यापुढून एका वर्षात हाकलणार नाही, नाहीतर देश ओसाड पडंल आणि रानटी जनावरं वाढतील. आमच्या वाडीत निम्मी घरं कुलपात, माणसं मुंबईला, रानं पडीक, आता डुकरं आणि गवे अंगणापर्यंत.

मिरजकर:
मग स्तोत्र १०४ पण बघा, रात्र झाली की रानातली जनावरं बाहेर, सिंहाची पिल्लं देवाकडं भक्ष्य मागतात, ऊन पडलं की ती आपल्या गुहेत आणि माणूस कामावर, संध्याकाळपर्यंत. दोघांच्या पाळ्याच ठरवून दिल्यात.

शिराळ्याचा_गडी:
पाळी भारी आहे हो, पण आमच्या मोटरीची लाईट रात्री साडेदहाला येते. परवाच उसात बिबट्याची पिल्लं सापडल्यात. निघतो आता, बॅटरी चार्ज झाली.