गोल्डन गेट पार्कमधील मुलांचे क्रीडांगण खरोखर अमेरिकेतील पहिले आहे का?

प्रश्न

आम्ही सनीवेलला राहतो. भारतातून आलेल्या आईबाबांना आणि मुलीला घेऊन नुकतेच सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये गेलो होतो. तेथील मुलांच्या क्रीडांगणाला लागून असलेली दगडी इमारत बाबांना जुने चर्चच वाटली. हे अमेरिकेतील पहिले सार्वजनिक क्रीडांगण असल्याचे मी अनेकदा वाचले आहे, परंतु बॉस्टनबद्दलही असाच दावा केला जातो. यातले कोणते खरे मानावे? ती इमारत मुळात कशासाठी होती, आणि तिथले कॅरोसेल (लाकडी प्राण्यांवर बसून गोल फिरण्याचे चक्र) तेव्हापासूनचे आहे का?

प्रतिसाद १

दोन्ही दाव्यांत ‘क्रीडांगण’ या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. बॉस्टनमध्ये १८८५ च्या सुमारास पार्मेंटर स्ट्रीटवरील एका चॅपलच्या (छोट्या प्रार्थनागृहाच्या) आवारात मुलांना खेळण्यासाठी वाळूचा ढीग टाकण्यात आला. बर्लिनच्या बागांत मुलांना वाळूत खेळताना पाहिलेल्या डॉ. मेरी झाक्रझेव्स्का यांनी ही कल्पना सुचवली होती. तो दाट वस्तीतील गरीब मुलांसाठीचा धर्मादाय उपक्रम होता. सॅन फ्रान्सिस्कोत मात्र शहराच्या सार्वजनिक उद्यानातच एक भाग मुलांसाठी आखून, त्यात खेळण्याची साधने आणि स्वतंत्र इमारत उभारून, तो डिसेंबर १८८८ मध्ये खुला करण्यात आला. म्हणून ‘सार्वजनिक उद्यानातील, मुलांसाठी मुद्दाम आखलेले पहिले क्रीडांगण’ असे म्हटल्यास माझ्या मते दावा टिकतो. नुसते ‘पहिले’ म्हणणे बॉस्टनवर अन्याय करणारे आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रीडांगणासाठीचा पैसा विल्यम शेरॉन यांच्या मृत्युपत्रातून आला. चांदीच्या खाणींतून गब्बर झालेले आणि नेवाडाचे सिनेटर राहिलेले शेरॉन १८८५ मध्ये वारले. त्यांनी उद्यानाच्या सुशोभनासाठी ५०,००० डॉलर ठेवले होते. इमारतीचा आराखडा पर्सी आणि हॅमिल्टन या वास्तुविशारदांचा. जाड वालुकाश्माच्या भिंती आणि अर्धवर्तुळाकार कमानी ही त्या काळी लोकप्रिय असलेल्या रोमनेस्क शैलीची लक्षणे आहेत, त्यामुळे आपल्या वडिलांना चर्च आठवले यात नवल नाही. प्रत्यक्षात ती मुलांना आणि त्यांच्या मातांना बसण्यासाठी, काही खाण्यापिण्यासाठी बांधली होती. समुद्रावरून येणारा गार वारा आणि धुके अनुभवलेल्या कोणालाही अशा आडोशाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

प्रतिसाद २

कॅरोसेलविषयी थोडी भर घालतो. त्याच्या भोवतीचा खांबांचा गोल मंडप १८९२ चा आहे, पण आत फिरणारे यंत्र हर्शेल-स्पिलमन कंपनीने १९१४ मध्ये बनवलेले आहे. ते १९३९-४० मध्ये सॅन फ्रान्सिस्को उपसागरातील ट्रेझर आयलंड या बेटावरील जागतिक प्रदर्शनात होते आणि त्यानंतर या उद्यानात आले. म्हणजे मंडप यंत्रापेक्षा जुना. त्यावरील ६२ लाकडी प्राण्यांची डागडुजी आणि रंगकाम अनेक वर्षे चालले, आणि १९८४ मध्ये ते पुन्हा सुरू झाले.

प्रतिसाद ३

शेरॉन इमारतीने १९०६ चा भूकंप सोसला आणि नंतर १९७४ ची आगही. दोन्ही वेळा ती पाडली गेली नाही, दुरुस्त केली गेली, याचे मला फार समाधान वाटते. १९६८ पासून तेथे कलावर्ग चालतात, त्यामुळे तिचा वापर आजही सुरू आहे. क्रीडांगणाचे मोठे नूतनीकरण कोरेट प्रतिष्ठानाच्या साहाय्याने २००७ मध्ये झाले. त्या वेळी उतारावरच्या जुन्या काँक्रीटच्या घसरगुंड्या जशाच्या तशा ठेवल्या. पुढच्या वेळी मुलीसाठी पुठ्ठ्याचा एखादा तुकडा सोबत घ्या, कारण तेथील मुले त्यावर बसूनच घसरतात.